ऑपरेटर उपलब्ध नाही

माझ्या गिरणीत तीन यंत्रं आहेत आणि एक बाई. गहू-शाळू दळायची दगडाची चक्की, डाळी भरडायची धाकटी चक्की आणि चटणी कुटायचं कांडप. बाई म्हणजे मी. ही गोष्ट गावाला आणि मला पहिल्यापासून माहीत होती. पण तिच्यावर शिक्कामोर्तब झालं ते माझ्या मुलाने अख्खी गिरणी मोबाईलमध्ये भरली तेव्हा.

मुलगा शिरवळला एका कारखान्यात देखभाल विभागात साहेब आहे. त्यांच्याकडे म्हणे यंत्र बिघडल्यावर दुरुस्त करत नाहीत, बिघडायच्या आधीच करतात. त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. कुठल्या यंत्राला कधी ग्रीस द्यायचं, कुठला पट्टा कधी बदलायचा, कोण कामावर आलं, कोण नाही, सगळं ते फोनवर सांगतं. एवढं सगळं फोनच सांगत असेल तर तुम्ही दिवसभर करता काय, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, आम्ही फोनला उत्तरं देतो. शिक्षणाला एवढा खर्च का येतो ते मला तेव्हा समजलं.

आमचं गाव औंध आणि विट्याच्या मधे कुठेतरी आहे. कागदपत्रांना सातारा, बाजाराला विटा. निम्म्या घरांतली माणसं फौजेत, उरलेल्यांतली बरीचशी सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, दुकानांत देशभर पांगलेली. त्या सगळ्यांना वर्षाची चटणी घरूनच लागते. कांदा, लसूण, खोबरं, मिरची घालून कुटलेली ती तांबडी चटणी माझ्या कांडपावरून निघते आणि थेट लेहला नाहीतर कोचीला पोचते. मी स्वतः कऱ्हाडच्या पुढे फारशी गेलेली नाही. चटणीचं नशीब माझ्यापेक्षा बरं.

गिरणी टाकली ती आमच्या ह्यांनी, फौजेतून आल्यावर. ते गेले तेव्हा मुलगा कॉलेजात होता. दिवसकार्य आटोपल्यावर भावकीतली माणसं ओसरीवर बसून गिरणी कुणाला चालवायला द्यावी याचा विचार करायला लागली. फार मन लावून विचार चालला होता. मी आतून चहा पाठवला आणि मागच्या दाराने जाऊन गिरणी सुरू केली. पट्ट्याचा आवाज आल्यावर त्यांचा विचार थांबला. त्या दिवसापासून गिरणी मी चालवते. पोटाचा प्रश्न तर आहेच, पण सकाळी दाराशी डबे घेऊन बायका थांबलेल्या असतात, त्या माझ्यासाठी थांबलेल्या असतात, हे मला लागतं. चहा लागतो तसं लागतं.

तर एका गणपतीला मुलगा आला आणि सगळ्या यंत्रांना चौकोनी चिकटपट्ट्या लावून गेला. त्यावर काळ्या ठिपक्यांची नक्षी. फोन समोर धरला की ते कुठलं यंत्र आहे हे फोनला कळतं. मला तर फोनशिवाय कळत होतं, पण माझं कळणं नोंदवता येत नाही ना. त्यानंतर त्याने माझा फोटो मागितला. चालकाचंही पान असतं म्हणाला. कुणाच्या तरी लग्नातला माझा फोटो होता, त्यातून शेजारच्या बायका कापून काढल्या आणि मी एकटीच नथ घालून सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसले. खाली लिहिलं होतं, ऑपरेटर. त्याखाली रक्तदाबाच्या गोळीची वेळ. कांडपाच्या पानावर ग्रीसची वेळ असते, अगदी तिथेच.

पद्धत अशी. रोज सकाळी गिरणी सुरू केली की फोनवर ‘सुरू’ दाबायचं. दाबलं नाही तर तो थोडा वेळ वाट बघतो आणि मग बोंबलतो. यंत्र बंद का आहे, कारण निवडा. हीच बोंब तिकडे शिरवळला मुलाच्या फोनवरही उठते. ग्रीस दिलं की आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो टाकायचे. फोटो काढायचा म्हटल्यावर दळणाला आलेल्या बायका पदर सारखा करून कांडपाजवळ उभ्या राहायच्या. त्यामुळे शिरवळच्या साहेबांकडे बेअरिंगचे फोटो कमी आणि आमच्या गल्लीतल्या सुनांचे जास्त जमले. एकीने तर सासूला दाखवायला तो फोटो परत मागून घेतला.

दसऱ्याला आणखी मजा झाली. खंडेनवमीला मी यंत्रं धुतली, पुसली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. कुंकवाचं बोट नेमकं त्या नक्षीच्या चौकोनावर टेकलं. सपाट आणि कोरी जागा दिसली की बाईचं बोट तिथेच जातं. दुसऱ्या दिवशी फोन समोर धरला तर म्हणाला, असं यंत्र अस्तित्वात नाही. पुढ्यात चक्की धडधडत होती, पिठाने माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि फोन आपला नाही म्हणजे नाही. मुलाने तिकडून पोस्टाने नव्या चिकटपट्ट्या पाठवल्या आणि सोबत निरोप, की कुंकू जरा बाजूला लाव. देवाला बाजूला सरकायला सांगणारा आमच्या घराण्यातला हा पहिलाच.

खोटं बोलणार नाही, त्या सॉफ्टवेअरचा एकदा उपयोगही झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने कांडपाचा पट्टा बदला म्हणून तगादा लावला. मला पट्टा चांगला वाटत होता, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मुलगा स्वतःच नवा पट्टा घेऊन आला आणि जुना काढून पाहिला तर आतल्या बाजूने चिरत गेला होता. ऐन चटणीच्या दिवसांत तुटला असता तर दारात मिरच्यांची पोती आणि शिव्या दोन्ही साठल्या असत्या. मी त्याला शाबास म्हटलं. फोनला नाही म्हटलं, तो आधीच फार माजला होता.

भानगड सगळी त्या ‘कारण निवडा’ मध्ये होती. तिथे पाच कारणं होती. वीज नाही, यंत्रात बिघाड, सुटे भाग नाहीत, ठरलेली देखभाल, आणि शेवटचं, ऑपरेटर उपलब्ध नाही. यातलं एक निवडल्याशिवाय फोन गप्प बसत नसे. ‘इतर’ असं एक कारण असतं की नाही बाबा, असं मी मुलाला विचारलं. पूर्वी होतं म्हणाला. कारखान्यात सगळे कामगार उठसूट ‘इतर’च दाबायचे, म्हणून मोठ्या साहेबांनी ते काढून टाकलं. त्या दिवसापासून त्यांच्या कारखान्यात पाचच कारणांनी यंत्रं बंद पडतात. जगात सहावं काही घडतच नाही.

आमच्या गल्लीत मात्र घडतं. पहिल्यांदा असं झालं की समोरच्या घरातले म्हातारबुवा पहाटे गेले. गल्लीत मयत झाली की प्रेत उचलेपर्यंत गिरणी बंद, हे आमच्याकडे कुणी सांगावं लागत नाही. दारात रडणं चाललंय आणि इकडे चक्की धडधडतेय, असं कसं होईल? मी तिकडेच बायकांत बसले होते आणि कमरेला खोचलेला फोन बोंबलायला लागला. कारण निवडा. सगळ्या बायका रडता रडता माझ्याकडे बघायला लागल्या. मी मागच्या अंगणात जाऊन मुलाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. दबक्या आवाजात म्हणाला, आई, ते शेवटचं दाब.

मी शेवटचं दाबलं. फोन एकदम शहाणा झाला. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. ऑपरेटर उपलब्ध नाही म्हणजे मी गिरणीत नाही, आणि मी खरंच नव्हते. वीज नाही म्हणून सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं. मला वाटलं, चला, सॉफ्टवेअरशी खरं बोलायची सोय झाली.

मग काय, तेच वळण पडलं. कुणाच्या पोरीची हळद असली, दाबा शेवटचं. कुणाचं बारसं, दाबा शेवटचं. औंधला यमाईची यात्रा, दोन दिवस दाबा. नागपंचमीला तर आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही आणि दळायचं तर नाहीच. ती चक्की त्या दिवशी बाप आला तरी फिरणार नाही. पण फोनला पंचमी माहीत नाही. त्याच्या लेखी त्या दिवशी सगळ्या जिल्ह्याचे ऑपरेटर एकदम बेपत्ता झाले असते.

त्या मधल्या उन्हाळ्यात सूनबाईचं दुसरं बाळंतपण आलं. पहिलं माहेरी झालं होतं. या वेळी विहीणबाईंच्या पायाचं ऑपरेशन झालेलं, त्यांनाच उठवून बसवायला दुसरं माणूस लागत होतं. मुलाचा फोन आला, आई, तू येशील का? चटणीचे दिवस होते. वर्षातलं माझं खरं काम त्याच दिवसांत असतं. गल्लीतल्या बायकांनी मिरच्या वाळवून, देठं खुडून ठेवल्या होत्या. मी गिरणीला कुलूप घातलं, डिंक, खारीक, अळीव बांधून घेतलं आणि शिरवळची गाडी धरली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही असं म्हणणार नाही. एस.टी.च्या खिडकीतून मी गिरणीचा पत्रा दिसेनासा होईपर्यंत बघत होते.

शिरवळच्या त्या फ्लॅटमध्ये मी सव्वा महिना काढला. नातीला तेल लावणं, शेक-शेगडी, सूनबाईचं पथ्यपाणी, थोरल्या नातवाचं शाळेचं आवरणं. गॅलरीतून हायवे दिसायचा, त्यावरून गाड्या दिवसरात्र पळायच्या आणि एकही आपल्या दारात थांबायची नाही. माझा फोन तिथेही रोज सकाळी बोंबलायचा. नुकतीच झोपलेली नात दचकून उठायची. एके सकाळी मुलाने तो फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढच्या सगळ्या दिवसांचं कारण एकदमच भरून टाकलं. आता नाही वाजायचा म्हणाला आणि डबा घेऊन कामावर गेला. नात माझ्या मांडीवर होती. कोणतं कारण भरलंस हे काही मी विचारलं नाही. पाचातलं कुठलंतरी असणार.

परत आले तेव्हा चटणीचे दिवस सरत आले होते. बऱ्याच बायकांनी हमरस्त्यावरच्या नव्या गिरणीत कुटून घेतलं होतं. त्यांचं काय चुकलं? मिरची काय माझ्यासाठी थांबणार होती? पण काही जणी त्यानंतर तिकडेच जायला लागल्या आणि माझ्या दारावरून डबा पदराखाली झाकून जायच्या. ते बघून मला रडू यायचं. मुलाला मी हे कधी सांगितलं नाही. त्याच्या सॉफ्टवेअरलाही सांगितलं नाही, तशी जागा नव्हती तिथे.

मग पुन्हा गणपती आले. वर्ष भरलं म्हणून सॉफ्टवेअरने वर्षाचा अहवाल काढला आणि तो घेऊन मुलगा आला. सोबत विट्याचा एक माणूस आणला होता. चांगला हसतमुख, अंगाने भरलेला, जुनी यंत्रं विकत घेणारा. गौरी दोन दिवसांवर होत्या, पुरणपोळ्यांच्या गव्हाचे डबे दारात ओळीने लागले होते आणि बायका ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभ्या होत्या. तो माणूस चक्कीभोवती फिरून बोटांनी वाजवून बघायला लागला. गुरांच्या बाजारात असेच बघतात. मी चक्की थांबवली आणि मुलाला विचारलं, हे कोण?

मुलाने लॅपटॉप काट्यावर ठेवला. वजनकाट्याने लगेच त्याचं वजन दाखवलं. पडद्यावर एक मोठं वर्तुळ होतं आणि जवळजवळ सगळं तांबडं. तो सांगायला लागला, साहेबी मराठीत, माझ्याकडे न बघता. वर्षभरात यंत्रात बिघाड फारच कमी. वीज गेली ती थोडी. पट्टा वेळेवर बदलला. यंत्रांची तब्येत उत्तम आहे. गिरणी बंद राहण्याचं मुख्य कारण एकच, ऑपरेटर उपलब्ध नाही. हे सगळं तांबडं म्हणजे ते. थोडक्यात, यंत्रं ठणठणीत आणि बाई नादुरुस्त. कारखान्यात असा भाग सापडला तर काय करता, असं मी विचारलं. तो पडद्यावरचं पीठ पुसायला लागला. सरळ पोराला असे प्रश्न विचारू नयेत.

पुढचं मात्र तो साहेबी मराठीत बोलला नाही. खाली बघत म्हणाला, “आई, तुला काय हुतंय ते तू सांगत न्हाईस. हितनं सगळं दिसतंय की. दर थोड्या दिसांनी तू कामाला येत न्हाईस. मी घरातली खोली रिकामी करून ठेवलीया.”

मग एकेक बाहेर आलं. गेले चार-सहा महिने तो शिरवळला बसून ते तांबडं वाढताना बघत होता. आईला काहीतरी मोठं दुखणं आहे आणि ती लपवतेय, असं तो धरून चालला होता. त्याने तिकडच्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. गॅलरीला जाळी लावली होती. जवळच्या दवाखान्याची चौकशीही करून ठेवली होती. सूनबाईला सांगितलं होतं की आईला आता एकटं ठेवायचं नाही. एवढं सगळं केलं आणि एक गोष्ट तेवढी राहिली. फोन उचलून, आई, बरी आहेस ना, एवढं विचारलं नाही. रविवारी फोन करायचा, पण नात काय करते ते सांगून ठेवायचा. सॉफ्टवेअरवर त्याचा विश्वास होता आणि माझ्यावर नव्हता. मला राग आला आणि त्याच वेळी त्या दांड्याचं ऐकून त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही एकदम करता येत नाही.

मी त्याला म्हटलं, ते तांबडं उलगडून वाच. तारखेवार. तो वाचायला लागला. पहिली तारीख वाचली आणि ओळीतल्या आत्याबाई पुढे आल्या. त्या कुणाच्या सख्ख्या आत्या नाहीत, सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणते. म्हणाल्या, ही तारीख आमच्या म्हाताऱ्याची. त्या दिवशी तुझी आई माझ्यापाशी बसली होती, तिने मला पाणी पाजलं. पुढची तारीख वाचली तर दुसरी म्हणाली, माझ्या पोरीची हळद. मग यात्रा निघाली. मग पंचमी निघाली, तेव्हा तो जुनी यंत्रं घेणारासुद्धा म्हणाला की पंचमीला कोण दळतं? माझा साहेब मुलगा कारखान्यात पंचमीलाही चालणाऱ्या यंत्रांमध्ये राहून ते विसरला होता. प्रत्येक तारखेला ओळीतून कुणीतरी हात वर करत होतं आणि लॅपटॉपवरचं तांबडं ज्याचं त्याच्या घरी चाललं होतं.

शेवटी उरला तो उन्हाळ्यातला मोठा लांबलचक खाडा. वर्तुळातलं निम्म्याहून जास्त तांबडं एकट्या त्याचंच होतं. मुलाने पहिली तारीख वाचली आणि तिथेच थांबला. शेवटची वाचली नाही. ओळीतून कुणी काही बोललं नाही, कारण ते कुणाच्याच घरचं नव्हतं. कारण कुणी भरलं तेही त्या अहवालात शेजारी लिहिलेलं होतं. तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं.

मी म्हटलं, “वाच की पुढं. ऑपरेटर उपलब्ध हुता रं. तुज्या घरात हुता.”

त्याने लॅपटॉप मिटला. काट्यावरून उचलायचं मात्र त्याला सुचलं नाही. कडेला एका भरलेल्या डब्यावर तो बसून राहिला आणि दोन्ही हातांनी डोळे दाबले. हात पिठाचे होते, मग डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा रडतोय की पीठ गेलंय हे बायकांना कळलं नाही. मला कळलं. त्या उन्हाळ्यानंतर दारावरून डबा झाकून जाणाऱ्या बायकांचं मी त्याला त्याच वेळी, सगळ्यांसमोर सांगितलं. आधी सांगायला हवं होतं असं तो म्हणाला. तूही विचारायला हवं होतंस, असं मी म्हटलं, आणि विषय तिथेच मिटला. आमच्या घरात यापेक्षा लांब भांडण होत नाही, दळणं खोळंबतात.

विट्याच्या माणसाने तेवढ्यात घसा खाकरला. त्याला वाटलं आपला सौदा अडलाय. मी त्याला सांगितलं की यंत्रं विकायची नाहीत, आणि बाईही नाही. तो मनमोकळा हसला. म्हणाला, बरं झालं. मग जाताना चक्कीकडे बघत विचारता झाला, उन्हाळ्यात आमच्या मिरच्या आणल्या तर कुटून द्याल का? त्याच्या बायकोला रस्त्यावरच्या गिरणीतली चटणी जळकी लागते म्हणे. गिरणी मोडीत काढायला आलेला माणूस गिऱ्हाईक होऊन गेला.

दुपारभर मुलगा त्या डब्यावर बसून सॉफ्टवेअरमध्ये नवी कारणं घालत होता. डबा दळायला घेतला तर दुसऱ्या डब्यावर सरकत होता. मला विचारत होता, आई, आणखी काय काय असतं? मयत घाल म्हटलं. बारसं घाल, हळद घाल, यात्रा, पंचमी, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे आले, कुणाची सून रुसून माहेरी निघाली आणि तिला समजावायला गेले. आत्याबाईंनी ओळीतूनच आणखी दोन-चार सुचवली. आमच्या गिरणीची कारणांची यादी एवढी झाली की फोनवर बोटाने वर ढकलत ढकलत शेवट सापडत नाही. त्याच्या मोठ्या साहेबांनी पाहिली तर त्यांना घाम फुटेल. उन्हाळ्यातल्या त्या मोठ्या खाड्याचं कारण काय बदलू, असं त्याने विचारलं. ते तसंच राहू दे म्हटलं. पुढच्या वर्षी अहवाल काढशील तेव्हा दिसत राहील.

आता पद्धत अशी आहे. सकाळी गिरणी सुरू झाली नाही की फोन बोंबलतो, पण त्याच्याही आधी मुलाचा फोन येतो. तो कारण विचारत नाही. आई, कुठं हायेस, एवढंच विचारतो. कुणाच्या घरी आहे ते मी सांगते, तिथे काय झालं तेही सांगते, तो ऐकतो. मीटिंगमध्ये असला तरी ऐकतो. शिरवळच्या त्या साहेबांना आमच्या गल्लीतली सगळी लग्नं आणि सगळी भांडणं आता तोंडपाठ झाली असतील.

परवा शाळू दळून झाला, गिऱ्हाईक विरळ होतं, आणि मला एकाएकी नातीची फार आठवण आली. दुसऱ्या दिवशी रविवार, मुलगा घरी असणार; मी गिरणीला कुलूप घातलं, चटणीचा डबा घेतला आणि पहिल्या गाडीत बसले. कुणाला सांगितलं नाही. फोन गाडीतच वाजला तो मी उचलला नाही, दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी जिना चढत होते. गुडघा दुखत होता म्हणून मधल्या पायरीवर टेकले आणि उचलला. पलीकडून आवाज आला, जरा घाबराच होता.

“आई, कुठं हायेस?”

“तुज्या जिन्यात,” मी म्हटलं, “खाली ये आन् डबा घे.”